कातडे, क्रोमियम आणि प्रकाश : डायक्रोमेटयुक्त जिलेटिनवरील होलोग्रामचा एक अभ्यास

होलोग्राम हा शब्द आता खेड्यापाड्यांतही अपरिचित राहिलेला नाही. बँकेच्या कार्डावर, औषधांच्या खोक्यावर चकाकणारी ती रुपेरी चिकटपट्टी हलविली की तिच्यातील रंग बदलतात, एवढे सर्वांनी पाहिलेले असते. परंतु ती पट्टी म्हणजे प्लॅस्टिकवर ठसा मारून लाखोंच्या संख्येने काढलेला, होलोग्रामचा सर्वांत स्वस्त प्रकार होय. ज्या होलोग्राममध्ये वस्तू काचेच्या पलीकडे प्रत्यक्ष ठेवल्यासारखी भासते, आपण डोके हलविले की तिची दुसरी कड दिसू लागते, आणि जो साध्या सूर्यप्रकाशात सोन्यासारखा उजळतो, त्याचा सर्वांत तेजस्वी नमुना वेगळ्याच पदार्थात घडविला जातो. तो पदार्थ म्हणजे डायक्रोमेट मिसळलेले जिलेटिन. प्रस्तुत लेखात आम्ही त्याचा विचार करणार आहोत.

आम्ही इतिहासाचे शिक्षक. प्रकाशशास्त्रावर लिहिण्याचा आमचा अधिकार काय, असा प्रश्न आमचे विज्ञान शिकविणारे सहकारी विचारतील आणि तो रास्तच ठरेल. आमचे उत्तर इतकेच की, पदार्थालाही इतिहास असतो. काचेवरचा तो पारदर्शक थर कशापासून झाला, तो कोणी उकळला, त्याहीपूर्वी तो कोणी खांद्यावर वाहिला, हे प्रश्न इतिहासाचे आहेत. आणि या शाळेत शिकणाऱ्या बहुसंख्य मुलांच्या पणजोबांपर्यंत त्यांचा संबंध पोहोचतो. (स्मरणिकेत प्रकाशाविषयी लिहावयाचे म्हटले की तथागतांचे दीपाविषयीचे वचन उद्धृत करण्याचा मोह होतो. तो अन्य लेखकांसाठी राखून ठेवतो.)

प्रथम जिलेटिनचा विचार करू. जनावराच्या कातड्यात, हाडांत व स्नायूंच्या दोऱ्यांत कोलॅजेन नावाचे एक प्रथिन असते. त्याचे तीन धागे एकमेकांभोवती पीळ घालून बसलेले असतात आणि म्हणूनच कातडे चिवट असते. हाडे सौम्य आम्लात भिजवून त्यांतील खनिजे काढून टाकली, किंवा कातडे चुन्याच्या निवळीत आठवडेच्या आठवडे मुरत ठेवले, आणि त्यानंतर ते गरम पाण्यात शिजविले की पीळ उलगडतो व धागे पाण्यात उतरतात. तो अर्क गाळून, वाळवून जे पारदर्शक पापुद्रे मिळतात तेच जिलेटिन. थंड पाण्यात ते फुगते, कोमट पाण्यात विरघळते, निवले की पुन्हा थिजते. छायाचित्रणाचा शंभराहून अधिक वर्षांचा व्यवहार याच एका गुणावर चालला. १९२० नंतरच्या दशकात अमेरिकेतील कोडॅक कंपनीचे रसायनशास्त्रज्ञ सॅम्युएल शेपर्ड यांना असे आढळले की, काही जिलेटिनवरील चांदीचा लेप प्रकाशाला अधिक लवकर प्रतिसाद देतो, आणि त्याचे कारण गुरांनी खाल्लेल्या मोहरीवर्गीय वनस्पतींतील गंधकयुक्त द्रव्याचे अंश होत. म्हणजे चित्रपटाच्या फितीची प्रत कुरणातील चाऱ्यावर अवलंबून होती!

आपल्याकडे या पदार्थाचे पहिले टोक कोणाच्या हाती होते, हे वेगळे सांगावयास नको. गावात जनावर मेले की ते गावाबाहेर ओढून न्यावयाचे, सोलावयाचे, हाडे वेचावयाची, हे काम महार समाजावर रूढीने लादलेले होते. कातडे कमावण्याचे काम ढोरांकडे, ते शिवण्याचे चांभारांकडे. हे सर्व समाज परस्परांपासूनही दूर ठेवलेले. कामाची वाटणी जगात सर्वत्र असते. परंतु येथे काम करणारी माणसेच एकाखाली एक अशी रचून ठेवलेली होती, हे बाबासाहेबांनी १९३६ साली साधार दाखवून दिले. १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात त्यांनी मेलेल्या ढोरांचा प्रश्न पुन्हा घेतला. ढोरे ओढणे सोडले तर कातडे, शिंगे, हाडे यांपासून वर्षाला मिळणारे पाचशे रुपये बुडतील, असा हिशेब त्यांच्यापुढे मांडण्यात आला होता. एवढा फायदा असेल तर तो इतरांनी खुशाल घ्यावा, या अर्थाचे त्यांचे उत्तर वडीलधाऱ्यांच्या तोंडून आपण सर्वांनी ऐकलेले आहे. आम्हाला त्या हिशेबातील एक गोष्ट विशेष वाटते. त्यात कातड्याची किंमत होती, हाडांची होती. त्या कातड्यापासून व हाडांपासून पुढे काय घडू शकते याचे ज्ञान मात्र कोणत्याही रकान्यात नव्हते. ते ज्ञान दुसरीकडे वाढत होते.

ते कोठे वाढत होते, ते आता पाहू. १७९७ साली फ्रान्समध्ये लुई निकोला व्होकलँ यांनी सायबेरियातून आलेल्या तांबड्या खनिजात एक नवा धातू शोधून काढला. त्याची संयुगे पिवळी, नारिंगी, हिरवी, जांभळी अशी नानाविध असल्यामुळे रंग या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याला क्रोमियम हे नाव पडले. त्याचे पोटॅशियम डायक्रोमेट हे नारिंगी संयुग कापड रंगविण्याच्या कामी लवकरच येऊ लागले. १८३९ साली, छायाचित्रणाचा शोध जाहीर झाला त्याच वर्षी, एडिंबरो येथील मंगो पाँटन यांनी कागद पोटॅशियम डायक्रोमेटच्या द्रावणात बुडवून वाळविला, त्यावर वस्तू ठेवून तो उन्हात धरला आणि पाण्यात धुतला. ऊन लागले तेथे रंग पक्का झाला, छायेतला रंग धुऊन गेला. पाँटन हे व्यवसायाने बँकेतील अधिकारी. त्यांच्या रीतीत महागडी चांदी नव्हती, ही त्यांच्या दृष्टीने मोठीच जमेची बाजू होती.

१८५२ साली विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट यांनी मुख्य गोष्ट पकडली. डायक्रोमेट जिलेटिनमध्ये मिसळले आणि त्यावर प्रकाश पडला, तर तेवढ्या जागचे जिलेटिन पाण्यात विरघळेनासे होते. प्रकाशाने जिलेटिन कठीण होते, एवढ्या एका वाक्यावर पुढे कितीतरी छपाईतंत्रे उभी राहिली. फ्रान्समध्ये आल्फाँस प्वातव्हँ यांनी १८५५ मध्ये, इंग्लंडमध्ये जोसेफ स्वॉन यांनी १८६४ मध्ये काजळी मिसळलेल्या जिलेटिनवर न उडणारी छायाचित्रे काढण्याच्या रीती पुढे आणल्या. नकाशांसाठी याच तत्त्वावर फोटोझिंकोग्राफी निघाली. डायक्रोमेट व जिलेटिन लावलेल्या कागदावर नकाशा प्रकाशाने उतरवावयाचा, त्यावर शाई लावून धुवावयाचे, आणि राहिलेली शाई जस्ताच्या पत्र्यावर घेऊन छापावयाचे. पुण्यातील शासकीय फोटोझिंको मुद्रणालयाचे नाव ज्यांनी सरकारी नकाशांवर वाचले असेल, त्यांना ते कोठून आले हे आता कळेल. ज्या नकाशांत गावाची वस्ती, वतनाच्या जमिनी आणि गावकुसाबाहेरची घरे कायमची आखली गेली, त्यांच्या छपाईमागेही हाडाकातड्याचेच जिलेटिन होते. हा योगायोग असेल. तरी इतिहासाच्या विद्यार्थ्याने तो नोंदवून ठेवावा.

आता प्रकाशाने जिलेटिन कठीण का होते, याचे उत्तर शोधावे लागेल, आणि ते आपल्याला थेट चर्मालयात घेऊन जाते. डायक्रोमेटमधील क्रोमियमची संयुजा सहा असते. त्या अवस्थेत ते जिलेटिनच्या धाग्यांना धरत नाही. निळा प्रकाश शोषून घेतला की ते जिलेटिनकडूनच इलेक्ट्रॉन घेते आणि टप्प्याटप्प्याने तीन संयुजेवर उतरते. हे त्रिसंयुजी क्रोमियम प्रथिनाच्या शेजारशेजारच्या धाग्यांवरील आम्लगटांना एकदम पकडते व त्यांच्यात पूल बांधते. धागे असे एकमेकांना बांधले गेले की पाणी त्यांना सुटे करू शकत नाही.

क्रोमने कातडे कमावणे म्हणजे नेमकी हीच क्रिया. आपल्याकडे बाभळीची साल, हिरडा यांच्या रसाने कातडे कमावीत. अस्सल कोल्हापुरी चपलेचे कातडे अजूनही असेच कमावतात. त्याला कित्येक आठवडे लागत. १८८४ साली न्यूयॉर्क येथील ऑगस्टस शुल्ट्झ यांनी दोन हौदांच्या रीतीचे पेटंट घेतले. पहिल्या हौदात कातडे डायक्रोमेटमध्ये भिजवावयाचे, दुसऱ्या हौदात ते क्रोमियम कातड्याच्या आतच तीन संयुजेवर उतरवावयाचे. आठवड्यांचे काम काही तासांवर आले. विसाव्या शतकाच्या आरंभी मद्रासमध्ये आल्फ्रेड चॅटरटन यांच्या प्रयत्नाने क्रोमने कातडे कमावण्याचे काम सुरू झाले आणि १९४८ मध्ये त्याच शहरात केंद्रीय चर्म संशोधन संस्था स्थापन झाली. आज जगातील बहुतांश चामडे क्रोमनेच कमावलेले असते. तेव्हा होलोग्रामची काच म्हणजे दहा-एक मायक्रॉन जाडीचे कातडेच म्हणावयास हवे. फरक एवढाच की, दुसऱ्या हौदातील रसायनाचे काम येथे प्रकाश करतो, आणि हौदातले रसायन सर्वत्र सारखे पोहोचते, तर प्रकाश जेथे पडेल तेथेच कमावतो. या साम्याकडे प्रकाशशास्त्राच्या पुस्तकांत फारसे लक्ष दिलेले आमच्या पाहण्यात नाही. आम्हाला मात्र ते या विषयाचे मर्म वाटते.

होलोग्रामची कल्पना मात्र दुसऱ्या बाजूने आली. डेनिस गाबोर हे १९०० साली बुडापेस्टमध्ये जन्मलेले ज्यू अभियंते. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला तेव्हा त्यांना बर्लिनमधील नोकरी सोडावी लागली आणि ते पुढे इंग्लंडमध्ये रग्बी येथील एका विद्युत कंपनीत लागले. तेथे १९४७ साली, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची प्रतिमा सुधारण्याच्या प्रयत्नात, त्यांना ही कल्पना सुचली. साधे छायाचित्र प्रकाशाची फक्त तीव्रता नोंदविते. लाटेचा चढ कोठे आणि उतार कोठे, ही माहिती त्यात हरवते. वस्तूची खोली याच माहितीत असते. गाबोर यांनी वस्तूवरून येणाऱ्या लाटेला दुसरी एक साधी, ओळखीची लाट भेटविली. दोन लाटा भेटतात तेथे कोठे उजेड तर कोठे अंधार असे बारीक पट्टे पडतात. या पट्ट्यांत चढउताराची माहिती जशीच्या तशी बांधली जाते, आणि पुढे त्याच ओळखीच्या लाटेने पट्टे उजळले की वस्तूची लाट पुन्हा जन्मते. संपूर्ण या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून होलोग्राम हे नाव त्यांनीच दिले. त्या वेळी लेसर नव्हता, म्हणून कल्पना बारा-तेरा वर्षे जवळजवळ पडून राहिली. १९६० मध्ये लेसर आला. अमेरिकेत एमेट लीथ व ज्युरिस उपात्निएक्स यांनी, आणि लेनिनग्राडमध्ये युरी डेनिस्युक यांनी तिला १९६२च्या सुमारास नवे रूप दिले. गाबोर यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते १९७१ मध्ये.

आपल्या विषयाच्या दृष्टीने यांत डेनिस्युक महत्त्वाचे. त्यांच्या मांडणीत लेसरचा प्रकाश पारदर्शक लेपातून आरपार जातो, मागे ठेवलेल्या वस्तूवर आपटतो आणि परत त्याच लेपात विरुद्ध दिशेने शिरतो. समोरासमोर आलेल्या या दोन लाटांमुळे लेपाच्या आत, काचेला जवळजवळ समांतर असे उजेड-अंधाराचे थर तयार होतात. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी ५१४ नॅनोमीटर धरली आणि जिलेटिनचा अपवर्तनांक दीड मानला, तर दोन थरांतील अंतर सुमारे १७० नॅनोमीटर येते. म्हणजे दहा मायक्रॉनच्या लेपात साठेक थर. केसाच्या जाडीहून कितीतरी कमी जागेत साठ पानांचे पुस्तक. यातील प्रत्येक पान थोडा थोडा प्रकाश परतविते आणि ज्या रंगाच्या लाटा एकमेकींशी जुळतात तेवढाच रंग ठळक होऊन बाहेर येतो. म्हणून अशा होलोग्रामला पाहताना लेसर लागत नाही, ऊन पुरते. उन्हातील हवा तो रंग तो स्वतःच निवडतो. मोरपिसाचा रंगही रंगद्रव्यापेक्षा अशाच सूक्ष्म रचनेतून येतो. पॅरिसच्या गाब्रिएल लिपमन यांनी १८९१ मध्ये याच तत्त्वावर रंगीत छायाचित्रे काढली होती, आणि पुढच्याच वर्षी डायक्रोमेट मिसळलेल्या जिलेटिनवरही तो प्रयोग केला होता. त्यांना १९०८चे नोबेल मिळाले, पण जिलेटिनचा हा धागा नंतर तुटला. तो पुन्हा उचलला गेला तो १९६८ मध्ये, अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या टी. ए. शँकॉफ यांनी डायक्रोमेटयुक्त जिलेटिनवर होलोग्राम करून दाखविले तेव्हा.

चांदीच्या लेपापेक्षा हा लेप सरस का? चांदीच्या लेपात कण असतात. कण कितीही बारीक असले तरी ते प्रकाश विखुरतात आणि प्रतिमेवर धुके येते. जिलेटिनमध्ये कण नाहीतच. शिवाय तयार झालेला थर काळा होत नाही, तो प्रकाश गिळत नाही. फक्त ठिकठिकाणी त्याचा अपवर्तनांक बदललेला असतो. त्यामुळे पडलेल्या प्रकाशापैकी नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकाश प्रतिमेकडे वळविता येतो. परंतु याची किंमतही मोजावी लागते. चांदीच्या लेपाला प्रकाशाचा नुसता स्पर्श पुरतो, पुढे विकसनाचे रसायन त्या खुणेची कोट्यवधी पट वाढ करते. जिलेटिनमध्ये अशी वाढ करून देणारा कोणी नाही. प्रत्येक पूल प्रकाशानेच बांधावा लागतो. म्हणून त्याला शेकडो ते हजार पट अधिक प्रकाश लागतो.

कृती अशी. स्वच्छ काच घ्यावयाची. काचेवर बोटाचा तेलकट ठसाही चालत नाही. शंभर मिलिलिटर पाण्यात सात-आठ ग्रॅम शुद्ध जिलेटिन आधी थंडपणी फुगू द्यावयाचे, मग पन्नास अंशांच्या आसपास गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून विरघळवावयाचे. उकळी येऊ द्यावयाची नाही, नाहीतर धागे तुटून लेप कायमचा दुबळा होतो. त्यात दोनेक ग्रॅम अमोनियम डायक्रोमेट मिसळले की नारिंगी द्रावण तयार होते. ते गाळून, सपाट ठेवलेल्या काचेवर सारख्या जाडीने पसरावयाचे. ओला थर शंभर मायक्रॉनचा असला तर वाळल्यावर आठेक मायक्रॉन उरतो. हे सर्व तांबड्या दिव्यात करता येते. डायक्रोमेट नारिंगी दिसते ते निळा व हिरवट प्रकाश गिळते म्हणून. तांबड्या प्रकाशाचे त्याला काहीच वाटत नाही. त्याच कारणाने महाविद्यालयांत सहज सापडणारा तांबडा हेलियम-निऑन लेसर येथे उपयोगाचा नाही. आरगॉन लेसरचा ४८८ नॅनोमीटरचा निळा किरण उत्तम.

लेप वाळला की वाट पाहत बसता येत नाही. अंधारातही डायक्रोमेट जिलेटिनला हळूहळू कमावत राहते, म्हणून काच एक-दोन दिवसांत वापरावी लागते. वस्तू कठीण व स्थिर हवी. फूल चालत नाही, कारण ते कोमेजताना हलते. नाणे उत्तम. १९९० साली बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीनिमित्त निघालेले एक रुपयाचे नाणे अनेकांच्या घरी जपलेले असते. उठावाची बारीक कलाकुसर आणि धातूची चकाकी यांमुळे अशा कामासाठी याहून योग्य वस्तू शोधूनही सापडणार नाही. काच नाण्यावर जवळजवळ टेकवून घट्ट बसवावयाची. दर चौरस सेंटिमीटरला शंभर मिलिज्यूल ऊर्जा लागते असे धरले, आणि शंभर मिलिवॉटचा किरण दहा सेंटिमीटर लांबी-रुंदीच्या काचेवर पसरला, तर शंभर सेकंद प्रकाश द्यावा लागेल. या शंभर सेकंदांत नाणे आणि काच यांच्यातील अंतर पन्नास नॅनोमीटरहूनही कमीच बदलले पाहिजे. रस्त्यावरून गेलेला ट्रक, शेजारच्या खोलीतील पंखा, खोलीत कोणी बोलले तर तो आवाजसुद्धा साठ पानांचे पुस्तक पुसून टाकतो. म्हणून जड फरशी हवा भरलेल्या ट्यूबवर ठेवून तिच्यावर मांडणी करतात, आणि सर्व काही स्थिरावेपर्यंत खोलीबाहेर जाऊन थांबतात.

यानंतरचा भाग आम्हाला सर्वांत नवलाचा वाटतो. प्रकाश दिलेल्या काचेवर जवळजवळ काहीच दिसत नाही. ती पाण्यात ठेवली की न वापरलेले डायक्रोमेट निघून जाते आणि जिलेटिन फुगते; कमी कमावलेले थर जास्त, अधिक कमावलेले कमी. आता ती आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये टाकावयाची : आधी निम्मे पाणी मिसळलेले, मग शुद्ध, शेवटी गरम. अल्कोहोल जिलेटिनमधील पाणी इतक्या झपाट्याने ओढून घेते की फुगलेल्या थरांना पुन्हा नीट मिटायला सवडच मिळत नाही. थरागणिक घनता वेगळी राहते आणि अपवर्तनांकातील फरक अनेक पटींनी वाढतो. गरम हवेच्या झोतात काच वाळू लागते तेव्हा आधी काही नसलेल्या जागी प्रतिमा उजळून येते. थर थोडे फुगलेले राहिले तर पानांमधील अंतर वाढते आणि हिरव्या प्रकाशात घेतलेली प्रतिमा सोनेरी दिसते. काच थोडी भाजली की ती परत हिरवीकडे सरकते. कुशल माणूस हा रंग हवा तसा जुळवितो. प्रतिमा दुधाळ आली तर लेप फार मऊ होता असे समजावे. फिकी आली तर काच पुन्हा पाण्यात घालून अल्कोहोलची क्रिया पुन्हा करता येते. चांदीच्या छायाचित्राला अशी दुसरी संधी नसते.

मात्र पाणी हेच याचे मरणही आहे. दमट हवेत जिलेटिन ओलावा ओढते, थर मिटतात आणि प्रतिमा नाहीशी होते. कोकणातील एका पावसाळ्यात उघडी काच कोरी होईल. म्हणून कडेचा काही मिलिमीटर लेप खरवडून, वर दुसरी काच ठेवून ती चिकटद्रव्याने सर्व बाजूंनी बंद करतात. अशी बंद केलेली काच पुष्कळ वर्षे टिकते. लढाऊ विमानांत वैमानिकाच्या डोळ्यांसमोर आकडे दाखविणाऱ्या काचेत, आणि दूरच्या ताऱ्यांचा प्रकाश रंगांत फोडण्यासाठी मोठ्या दुर्बिणींना जोडलेल्या जाळ्यांत आज हाच लेप वापरला जातो. ताऱ्याचा प्रकाश शेवटी जनावराच्या हाडातून आलेल्या थरातून जातो, हे ऐकून मुले प्रथम नाक मुरडतात आणि मग विचारतात, मग आमच्या आजोबांनी ओढलेल्या हाडांचेसुद्धा असे झाले असेल का? झाले असेलही. आम्ही त्यांना एवढेच सांगतो की, त्या हाडांची लाज बाळगण्याचे कारण नव्हते आणि त्यांचा मक्ता अभिमानाने मिरविण्याचेही नाही. काम सक्तीचे होते, ही त्यातील वाईट गोष्ट. पदार्थ वाईट नव्हता.

आता ज्या कारणासाठी हा लेख या शाळेच्या स्मरणिकेत द्यावासा वाटला, त्याकडे वळू. सहा संयुजेचे क्रोमियम हे विष आहे. ते कातडीवर लवकर बरी न होणारी छिद्रे पाडते, त्याची धूळ नाकातील पडद्याला भोक पाडते, आणि दीर्घकाळ श्वासात गेल्यास फुप्फुसाचा कर्करोग होतो, हे निर्विवाद सिद्ध झालेले आहे. युरोपीय संघाने २०१७ पासून डायक्रोमेटचा वापर खास परवान्याशिवाय बंद केला आहे. आपल्याकडे ओडिशातील सुकिंदा खोऱ्यात क्रोमियमचे खनिज निघते, कानपूरच्या जाजमऊ भागात आणि तामिळनाडूतील राणीपेट येथे चर्मोद्योगाशी निगडित क्रोमियमने जमीन व भूजल दूषित झालेले आहे. तेथे हौदांत उतरून काम करणारे कोण आहेत, हे शोधावयास जनगणनेचे तक्ते उघडण्याची गरज नाही. प्रकाशाचे काम संपलेले त्रिसंयुजी क्रोमियम मानाने निरुपद्रवी असते. विष आहे ते न वापरलेल्या नारिंगी द्रावणात, आणि धुतलेल्या पाण्यात.

आणि हेच नारिंगी अमोनियम डायक्रोमेट अनेक शाळांच्या विज्ञान प्रदर्शनांत दरवर्षी आणले जाते. मातीचा डोंगर करावयाचा, शेंड्याच्या खळग्यात ते स्फटिक भरावयाचे, पेटवावयाचे. ठिणग्या उडतात, हिरवी राख बाहेर पडते आणि ‘ज्वालामुखी’ला पहिले बक्षीस मिळते. ती हिरवी राख फारशी घातक नाही, पण तिच्याबरोबर न जळलेल्या डायक्रोमेटची धूळही उडते, आणि ती डोंगराभोवती वाकून पाहणाऱ्या मुलांच्या श्वासात जाते. निवासी शाळेत तर तीच मुले ते हात घेऊन भोजनगृहात जातात. आमचे स्पष्ट मत आहे की, हा प्रयोग शाळांनी बंद करावा आणि कपाटातील जुन्या बाटल्या मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा कुलुपात ठेवून घातक कचरा उचलणाऱ्या अधिकृत यंत्रणेकडे द्याव्यात. त्या मोरीत ओतू नयेत. महाविद्यालयात शिकणाऱ्या आमच्या माजी विद्यार्थ्यांपैकी कोणाला जिलेटिनचा होलोग्राम करून पाहावयाचा असेल, त्यांनी तो प्राध्यापकांच्या देखरेखीखाली, हातमोजे घालून, धूर खेचणाऱ्या कपाटाखाली करावा. गरम अल्कोहोल उघड्या ज्योतीजवळ कधीही नेऊ नये. त्याची वाफ सामान्य तापमानालाही पेट घेते. उरलेले द्रावण जीवनसत्त्व ‘क’ घालून नारिंगीचे हिरवे होईपर्यंत उतरवावे आणि मगच कचऱ्याच्या नोंदीसह जमा करावे.

शाळेतल्या मुलांना प्रकाश पदार्थात बदल घडवितो हे दाखवावयाचेच असेल, तर त्याला क्रोमियम लागत नाही. १८४२ साली जॉन हर्शेल यांनी शोधलेली निळ्या छपाईची रीत लोहाच्या क्षारांवर चालते. फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड यांची द्रावणे मंद उजेडात मिसळून कागदावर ब्रशने लावावयाची व कागद अंधारात वाळवावयाचा. वही-पुस्तकात ठेवून जाळी झालेले पिंपळाचे पान त्यावर मांडून वर काच ठेवावयाची, आणि दुपारच्या उन्हात दहा-पंधरा मिनिटे धरावयाचे. नंतर साध्या पाण्यात धुतले की पिवळट हिरवा रंग निघून जातो आणि गडद निळ्यावर पानाची शीर न् शीर पांढरी उमटते.